पहिल्यांदाच इस्तंबूलला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिलमध्ये आम्ही तिघं, म्हणजे मी, नवरा आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई, नऊ दिवस इस्तंबूलला होतो. टूर कंपनी नव्हती, आमचे आम्हीच फिरलो. परत आल्यापासून ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे फोन करून तेच तेच प्रश्न विचारतात. ते इथे एकत्र केले आहेत. लिरातले भाव मुद्दाम दिलेले नाहीत. तिथली महागाई इतकी झपाट्याने वाढते की आज लिहिलेला आकडा महिन्या-दोन महिन्यांत शिळा होतो.

१. भारतीय पासपोर्टवर ई-व्हिसा मिळतो का?

सरसकट नाही. अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेन देशांपैकी एखाद्याचा चालू व्हिसा किंवा निवास परवाना तुमच्याकडे असेल तरच ई-व्हिसा मिळतो. तो ३० दिवसांचा असतो आणि त्यावर एकदाच प्रवेश करता येतो. नसेल तर व्हिसा केंद्रात कागदपत्रं देऊन पासपोर्टवर स्टिकर लावून घ्यावा लागतो. आमच्या दोघांकडे शेंगेन होता, सासूबाईंकडे नव्हता, त्यामुळे एकाच घरातून दोन प्रकारचे अर्ज गेले. ई-व्हिसासाठी तुर्कस्तान सरकारचं अधिकृत संकेतस्थळच वापरा. तशीच दिसणारी, जास्त पैसे उकळणारी संकेतस्थळं बरीच आहेत.

२. पहिल्या दिवशी आधी काय बघायचं, आया सोफिया मशीद की तोपकापी राजवाडा?

दोन्ही नको. पहिल्या दिवशी बोटीत बसा. हे मी प्रत्येकाला सांगते आणि बहुतेक जण ऐकत नाहीत, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

इस्तंबूल हे पाण्याभोवती वाढलेलं शहर आहे. दक्षिणेला मार्मारा समुद्र, मधून उत्तरेकडे काळ्या समुद्रापर्यंत सुमारे ३० किलोमीटर गेलेली बॉस्फरसची सामुद्रधुनी, आणि युरोपच्या बाजूने आत शिरलेली खाडी, म्हणजे हालिच. ही पाण्याची मांडणी डोक्यात बसली नाही तर पुढचे सगळे दिवस गल्ल्यांत आणि फोनवरच्या नकाशात जातात. बोटीतून ती वीस मिनिटांत कळते.

युरोपच्या बाजूच्या एमिन्योन्यू धक्क्यावरून आशियाच्या बाजूच्या काडक्योयला जाणारी साधी प्रवासी बोट घ्या. पर्यटकांची सजवलेली बोट नको. ही बोट ऑफिसला जाणाऱ्यांची आहे, तिकीट बसइतकंच स्वस्त. दुपारी चार-पाचला निघा आणि उघड्या बाकांवर, बोटीच्या मागच्या बाजूला बसा. बोट सुटली की आधी गलाता पूल मागे जातो, त्यावर कठड्याला टेकून ओळीने गळ टाकलेले लोक. मग सुलेमानिये मशीद टेकडीवर वर येते, तोपकापीची झाडी आणि धुराडी दिसतात, त्यांच्यामागून आया सोफियाचा घुमट आणि निळ्या मशिदीचे मिनार एका रांगेत येतात. जे चार दिवस बघायचं आहे ते सगळं एका नजरेत मिळतं, आणि कुठलं कशाच्या शेजारी आहे हेही. समोर आशियाच्या काठावर १९०८ सालचं हैदरपाशा रेल्वे स्थानक उभं असतं, पाण्यात पाय सोडून बसल्यासारखं.

चहावाला ट्रे घेऊन फिरत असतो. लहानसा, कमरेत बारीक झालेला काचेचा पेला, खाली बशी, बशीत दोन साखरेचे खडे आणि इवलासा चमचा. पेला इतका गरम की काठाला दोन बोटांनीच धरता येतो. सासूबाईंनी तो पदराने धरला. समोरच्या बाकावरच्या एका आजींनी ते पाहिलं, आपला पेला उचलून कुठे बोट ठेवायचं ते दाखवलं, आणि पिशवीतला सिमित (तीळ लावलेलं पावाचं कडं) मोडून अर्धा सासूबाईंच्या हातात दिला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. काडक्योय येईपर्यंत त्या सिमितचे तुकडे सीगलना भरवत बसल्या होत्या. सासूबाईंना इस्तंबूल कसं वाटलं विचारलं की त्या आजही याच आजींपासून सुरुवात करतात.

३. विमानतळावरून शहरात कसं यायचं?

आधी तिकिटावर विमानतळ कोणता ते बघा. मोठा इस्तंबूल विमानतळ युरोपच्या बाजूला, साबिहा ग्योक्चेन आशियाच्या बाजूला. दोन्हींकडे आता मेट्रो पोचते. मोठ्या विमानतळावरून एम ११ गायरेत्तेपेला येते, तिथून गाडी बदलायची. सामान जास्त असेल तर विमानतळाच्या बस सोप्या. टॅक्सीबद्दल प्रश्न १५ पाहा.

४. इस्तंबूलकार्ट (प्रवासाचं कार्ड) प्रत्येकाला वेगळं लागतं का?

एका कार्डावर सगळ्यांचं भागतं. फाटकाला लावायचं, एक जण आत गेला की पुन्हा लावायचं. पण ट्राममधून उतरून बोट, बोटीतून उतरून बस अशी वाहनं बदलणार असाल तर बदलीची सवलत नीट मिळावी म्हणून प्रत्येकी एक कार्ड बरं. स्थानकांवरच्या यंत्रांतून कार्ड मिळतं आणि तिथेच पैसे भरता येतात. ट्राम, मेट्रो, बस, बोट सगळीकडे चालतं.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. बॉस्फरसच्या खालून जाणारी मार्माराय रेल्वे (२०१३ पासून सुरू) आत शिरताना पूर्ण मार्गाचं भाडं कापते. तुम्ही जवळच उतरलात तर बाहेर पडताना परताव्याच्या यंत्राला कार्ड लावायचं, उरलेले पैसे परत जमा होतात. आम्ही तीन दिवस न लावताच बाहेर पडत होतो.

५. आया सोफियाचं तिकीट २५ युरो! तेवढे द्यावेत का?

हो. १५ जानेवारी २०२४ पासून परदेशी पर्यटकांना तिकीट आहे आणि प्रवेश फक्त वरच्या सज्जात. खालचा मजला नमाजासाठी येणाऱ्यांचा. जायच्या आधी चालू दर मात्र बघून घ्या.

तरीही मी हो म्हणते, कारण ही वास्तू ५३२ ते ५३७ अशा अवघ्या पाच वर्षांत उभी राहिली आणि साधारण ३१ मीटर व्यासाचा तो घुमट आजही पाहणाऱ्याला गप्प करतो. घुमटाच्या तळाशी ४० खिडक्यांची माळ आहे. त्यांतून ऊन आलं की खालचा आधार दिसेनासा होतो आणि घुमट अधांतरी वाटतो. सज्जात जायला दगडी उतरण आहे, पायऱ्या नाहीत. शतकानुशतकांच्या वापराने तिची फरशी गुळगुळीत झाली आहे. वर येशू, मरियम आणि योहान यांचं मोझेक आहे, अर्धं झडलेलं. येशूच्या चेहऱ्यावर गालाची सावलीसुद्धा बारीक खड्यांनी काढली आहे. त्याच्यासमोर आम्ही अर्धा तास उभे होतो. चर्च, १४५३ नंतर मशीद, १९३५ पासून संग्रहालय, २०२० पासून पुन्हा मशीद, हा सगळा प्रवास तिथल्या भिंतींवर शेजारी शेजारी दिसतो.

पैसे अगदीच मोजके असतील तर सुलेमानिये मशिदीत जा. मिमार सिनान या वास्तुकाराने १५५० ते १५५७ मध्ये बांधलेली, प्रवेश मोफत, गर्दी कमी, आणि मागच्या अंगणातून हालिचचं दृश्य दिसतं.

६. मशिदीत हिंदूंना, बायकांना जाऊ देतात का?

देतात. नमाजाच्या वेळा सोडून कुणीही जाऊ शकतं. बायकांनी डोकं, खांदे आणि पाय झाकायचे. पंजाबी ड्रेस आणि ओढणी असेल तर वेगळं काही लागत नाही. पुरुषांनी गुडघ्यावरची पँट टाळावी. चपला बाहेर काढायच्या, त्यामुळे मोजे बरोबर ठेवा. शुक्रवारी दुपारच्या मोठ्या नमाजामुळे मोठ्या मशिदी सकाळपासून पर्यटकांना बंद असतात आणि दुपारी उघडतात.

७. कुठल्या दिवशी काय बंद असतं?

तोपकापी राजवाडा मंगळवारी, दोल्माबाहचे राजवाडा सोमवारी, ग्रँड बाजार रविवारी. मसाल्यांचा बाजार रविवारीही उघडा असतो. शुक्रवारचं वर आलंच आहे. सणांचं प्रश्न १९ मध्ये.

८. शुद्ध शाकाहारी माणसाचं भागतं का? थेपले, खाकरे न्यावेत का?

भागतं, आणि चांगलं भागतं. सासूबाई माळकरी आहेत, कांदा-लसूण खातात पण अंडंही चालत नाही. त्यांच्यासाठी नेलेली मेतकुटाची पुडी आणि चिवडा बराचसा परत आला.

सकाळच्या न्याहारीत पांढरं चीज, ऑलिव्ह, काकडी, टोमॅटो, मध, साय, आणि मऊ पाव मिळतो. रस्त्यावर सिमित: गुळाच्या पाण्यात बुडवून तीळ लावलेलं, बाहेरून कडक गोल कडं. दुपारी ग्योझ्लेमे घ्या, म्हणजे पातळ पोळीत पालक, बटाटा किंवा चीज भरून तव्यावर भाजतात. बायका लांब काठीसारख्या लाटण्याने समोर लाटत असतात, आपल्याला बघूनच घरचं वाटतं. चीज किंवा पालक घातलेलं ब्योरेक (पापुद्र्यांचा भाजलेला पदार्थ), भाजलेल्या बटाट्याचा कुम्पिर, आणि चिग क्योफ्ते. या शेवटच्या पदार्थाचं नाव कच्च्या मांसावरून आलंय, पण दुकानांत विकतात तो दलियाचा, तिखट आणि मांसाशिवाय असतो. लेट्यूसच्या पानात गुंडाळून, वर लिंबू पिळून देतात. सासूबाईंचा सर्वांत आवडता पदार्थ हाच ठरला.

साधं जेवण हवं असेल तर 'लोकांता' शोधा. ही घरगुती जेवणाची खानावळ. काचेमागे पातेली मांडलेली असतात, बोट दाखवायचं. तिथे 'झेयतिन्याल्ल' नावाचा प्रकार विचारा. ऑलिव्ह तेलात शिजवून गार वाढलेल्या भाज्या: फरसबी, भोपळा, वांगी, द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला भात. या बहुतेक वेळा पूर्ण शाकाहारी असतात. बरोबर दही आणि आयरान, म्हणजे आपलं खारं ताक.

'एत येमियोरुम' म्हणजे मी मांस खात नाही. पण तेवढ्यावर थांबू नका, पुढचा प्रश्न वाचा.

९. शाकाहारी म्हणून मागवलं आणि त्यात मांस निघालं, असं होतं का?

होतं, आणि फसवण्याच्या हेतूने नाही. 'एत' म्हटलं की अनेकांच्या मनात तांबडं मांसच येतं, कोंबडी वेगळी धरली जाते. म्हणून 'तावुक दा येमियोरुम', कोंबडीही खात नाही, हे जोडून सांगा.

मसूरडाळीचं सूप (मेर्जिमेक चोर्बास) दिसायला आपल्या वरणासारखंच, पण काही ठिकाणी ते मांसाच्या पाण्यात शिजवतात. 'एत सुयू वार म?' असं विचारा. भातही कधी कोंबडीच्या पाण्यात केलेला असतो. राजम्यासारख्या दिसणाऱ्या पांढऱ्या बियांच्या उसळीत, कुरू फासुल्येत, बऱ्याचदा मांसाचे तुकडे असतात.

सगळ्यांत अनपेक्षित म्हणजे गोडाचा पदार्थ. 'तावुक ग्योक्स्यू' हे दुधाचं पांढरं शुभ्र पुडिंग आहे आणि त्यात कोंबडीच्या छातीचं मांस धाग्यासारखं बारीक पिंजून घातलेलं असतं. चवीवरून अजिबात कळत नाही. त्याचाच खालून खरपूस केलेला प्रकार म्हणजे काझानदिबी, तोही विचारूनच घ्या. दूध-तांदळाची खीर हवी असेल तर 'स्युतलाच' मागा.

१०. मांसाहारी आहे, पण गोमांस नको. काय विचारू?

'दाना' म्हणजे वासराचं, 'सर' म्हणजे गाई-बैलाचं, 'कुझू' कोकराचं, 'तावुक' कोंबडी. क्योफ्ते (खिम्याचे गोळे) आणि दोनेर (उभ्या सळीवर भाजून कापलेलं मांस) बरेचदा दानाचे असतात, तेव्हा न विचारता घेऊ नका. कोंबडीचा दोनेर वेगळा मिळतो.

११. दुधाचा चहा मिळतो का?

नाही म्हटलं तरी चालेल. तिथला चहा कोरा. दोन किटल्या एकावर एक ठेवतात, खालच्या मोठीत पाणी उकळतं आणि वरच्या लहानीत घट्ट अर्क मुरतो. पेल्यात अर्क ओतून वर गरम पाणी घालतात. घट्ट हवा असेल तर 'देमली', फिका हवा असेल तर 'आचक' म्हणा. दुकानदार चहा देतो तेव्हा काही विकत घ्यायलाच हवं असं नसतं. मनापासून घ्या.

१२. भाषेची अडचण येते का?

पर्यटकांच्या भागात इंग्रजी चालतं, गल्लीबोळात नाही. पण मराठी माणसाला इथे एक वेगळाच आनंद मिळतो. फार्सी-अरबीतून आपल्याकडे आलेले कितीतरी शब्द त्यांच्याकडेही आहेत. दुकान म्हणजे द्युक्यान, साबण म्हणजे साबुन, बदाम म्हणजे बादेम, मैदान म्हणजे मेयदान, तारीख म्हणजे तारिह, हवा म्हणजे हावा. खानावळीत बिल मागायचं तर 'हेसाप', म्हणजे आपला हिशेबच. सासूबाई तिसऱ्या दिवसापासून मोठ्याने 'हिशेब!' म्हणायच्या आणि बिल यायचं.

काही शब्दांचा अर्थ मात्र वळण घेतो. 'फाकात' म्हणजे फक्त नव्हे, 'पण'. 'पेंजेरे' म्हणजे पिंजरा नव्हे, खिडकी. 'मेयवे' म्हणजे सुकामेवा नव्हे, कुठलंही फळ. 'तामाम' म्हणजे 'ठीक आहे', दिवसातून शंभरदा ऐकू येतं. आणि तोफ हा तर मूळ तुर्कीच शब्द. 'तोप' म्हणजे तोफ, 'काप' म्हणजे दार, आणि तोपकापी म्हणजे तोफेचा दरवाजा.

पाट्या रोमन लिपीत असतात (१९२८ पासून), पण वाचताना तीन गोष्टी लक्षात ठेवा. साधा सी म्हणजे 'ज', शेपटीवाला सी म्हणजे 'च', शेपटीवाला एस म्हणजे 'श'. एवढ्यावर निम्मं शहर वाचता येतं.

एक वाक्य नक्की शिकून जा: 'कोलाय गेल्सिन'. काम करत असलेल्या माणसाला म्हणायचं, अर्थ साधारण 'तुमचं काम सोपं होवो'. रस्ता झाडणारा, पाव भाजणारा, ट्राम चालवणारा, कुणालाही. आपल्याकडे यासाठी शब्द नाही याची मला तिथे खंत वाटली.

१३. विचारलं तर 'च्' करून भुवया उडवतात. रागावतात का?

नाही. मान किंचित मागे, भुवया वर आणि 'च्' असा आवाज, याचा अर्थ साधा 'नाही'. शब्दात 'योक'. आपण डावी-उजवीकडे मान डोलावून 'हो हो' करतो ते मात्र त्यांना कळत नाही. स्पष्ट 'एवेत' म्हणा.

१४. आई-बाबांना घेऊन जातोय, गुडघ्यांचा त्रास आहे. झेपेल का?

नियोजन केलं तर झेपेल. शहर टेकड्यांवर आहे आणि जुन्या भागात रस्ते दगडी. सुलतानअहमत (आया सोफियाचा परिसर) भागात ट्रामजवळ राहा, चढ वाचतात. काराक्योयहून वर बेयोलूला जायला त्युनेल नावाची भुयारी गाडी आहे. ती १८७५ ची, लंडनच्या भुयारी रेल्वेनंतर जगातली सर्वांत जुनी. दीड-दोन मिनिटांत तो उभा चढ संपतो. काबाताशहून ताक्सिमलाही तशीच गाडी आहे.

आया सोफियाची उतरण (प्रश्न ५) सासूबाईंनी नवऱ्याचा हात धरून, थांबत थांबत चढली. त्या जागी रबरी तळव्याचे बूट हवेतच. गलाता मनोरा आम्ही त्यांच्यासाठी सोडला, कारण लिफ्टनंतरही जिना उरतो. ज्या दिवशी राजवाडा, त्या दिवशी दुसरं काही नको. संध्याकाळी बोट मात्र रोज, बसल्या बसल्या शहर दिसतं.

१५. टॅक्सीवाले फसवतात का?

सगळे नाही, पण सावध राहा. मीटर चालू केल्याशिवाय बसू नका. पूल किंवा बोगद्याचा टोल मीटरशिवाय वेगळा असतो, तो रीतसर आहे. मोठी नोट देताना आकडा मोठ्याने म्हणा. एका चालकाने आमच्याकडून घेतलेली नोट लहान होती असं सांगून पुन्हा पैसे मागितले. मागून येणाऱ्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या, आम्ही गोंधळून दिले. त्यानंतर ट्राम आणि बोटीवरच भर दिला.

रस्त्यात बूटपॉलिशवाल्याचा ब्रश तुमच्यासमोर पडला तर तो उचलून देऊ नका. उपकार म्हणून पॉलिश सुरू होतं आणि नंतर पैसे मागतात.

१६. ग्रँड बाजारात घासाघीस करावी का?

कपडे, दिवे, गालिचे यांत करा. खाण्याच्या वस्तूंत नाही. सुमारे ४००० दुकानं आहेत, पहिल्याच दुकानात काही घेऊ नका. चहाबद्दल प्रश्न ११ पाहा.

१७. मांजरं खरंच इतकी आहेत का? चावत नाहीत ना?

खरंच आहेत. दुकानाच्या काउंटरवर, मशिदीच्या गालिच्यावर, ट्रामच्या थांब्यावर. ती भटकी म्हणावीत अशी नाहीत, गल्ली त्यांना सांभाळते. दारादारांत पाण्याची वाटी आणि खाण्याचा ढीग असतो. काडक्योयमध्ये फुटपाथवर रेलून बसणाऱ्या तोम्बिली नावाच्या मांजरीचा पुतळा आहे, तिच्या लाडक्या पायरीवरच, तिच्याच बसण्याच्या ऐटीत. कुत्र्यांच्या कानात बिल्ला दिसला तर पालिकेने त्यांची नोंद केली आहे. तरीही खाताना-झोपताना कुठल्याही प्राण्याला हात लावू नका. ओरखडा आला तर लगेच दवाखाना गाठा.

१८. बोटच रद्द झाली तर?

हिवाळ्यात दक्षिणेकडून 'लोदोस' नावाचा वारा सुटतो, तेव्हा बोटी थांबतात. अशा वेळी मार्मारायने खालून पलीकडे जा. परतीचं विमान साबिहा ग्योक्चेनहून असेल तर बोटीच्या भरवशावर राहू नका.

१९. रमजान किंवा ईदमध्ये जावं का?

रमजानमध्ये जरूर. पर्यटकांच्या भागात दिवसाही जेवण मिळतं. संध्याकाळी बागांमध्ये कुटुंबंच्या कुटुंबं चादरी पसरून रोजा सुटायची वाट बघत बसतात. पहाटे ढोल वाजवत जाणारे लोक अनेक वस्त्यांत अजूनही येतात, घाबरू नका. ईदच्या दिवसांत ग्रँड बाजार बंद असतो आणि शहरातली बरीच माणसं गावी जातात. दोन-तीन दिवसच हातात असतील तर तेव्हा टाळा.

२०. १० नोव्हेंबरला तिथे आहोत. काही बंद असतं का?

सुट्टी नसते, पण सकाळी ९ वाजून ५ मिनिटांनी सगळं थांबतं. १९३८ मध्ये याच दिवशी, याच वेळी आधुनिक तुर्कस्तानचे संस्थापक अतातुर्क यांचं दोल्माबाहचे राजवाड्यात निधन झालं. भोंगे वाजतात, बोटी शिट्ट्या देतात, गाड्या जागच्या जागी उभ्या राहतात आणि लोक दार उघडून रस्त्यात उतरतात. तुम्हीही जिथे असाल तिथे थांबा, फोन खिशात ठेवा. भोंगा थांबला की गाड्यांची दारं लागतात आणि ट्राम पुढे निघते.